शेवटचा कुठे आहे? हौशी धावकांचा गट बांधायचा आणि टिकवायचा कसा

हौशी धावकांचे गट बहुतेक एकाच पद्धतीने मोडतात. सुरुवातीला पंधरा-वीस जण उत्साहाने जमतात. महिन्या-दोन महिन्यांत चार-पाच जण पुढे निघून जायला लागतात, मागचे एकेकटे पडतात, आणि एकट्यानेच धावायचं तर भल्या पहाटे उठून तिथवर कशाला जायचं, म्हणून एकेक जण गळतो. उरलेले चार-पाच रोज आपसात शर्यत लावतात आणि वर्षाच्या आत कुणाची नडगी दुखावते, कुणाची टाच. हे टाळायचं तर एक सवय लावून घ्यावी लागते. प्रत्येक सरावात, प्रत्येक वळणावर विचारायचं: आत्ता शेवटचा कुठे आहे? वेग, रस्ता, विश्रांती आणि पाणी या सगळ्याचे निर्णय त्या उत्तरावरून घ्यायचे.

वेग विचारू नका, मोजा

गट पाडताना "तुमचा पेस किती?", म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात, असं विचारलं, की माणूस आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा सांगतो. म्हणून सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर एकदा सगळ्यांना ५ किलोमीटर धावू द्या आणि वेळ लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी हे पुन्हा करा. या वेळेवरून ईझी रनचा, म्हणजे बोलत बोलत करायच्या आरामाच्या धावेचा वेग काढणं सोपं आहे: ५ किलोमीटरच्या सरासरी वेगापेक्षा दर किलोमीटरला साधारण १ ते दीड मिनिट सावकाश. वेग जितका कमी, तितकं हे अंतर जास्त ठेवायचं.

उदाहरण घ्या. एकाला ५ किलोमीटरला २५ मिनिटं लागतात, म्हणजे किलोमीटरला ५:००. त्याचा ईझी रन ६:०० ते ६:३० च्या आसपास बसतो. दुसऱ्याला ३० मिनिटं लागतात, म्हणजे ६:००. त्याने ईझी रन ७:०० ते ७:४५ ने करायला हवा. आता हा दुसरा गडी सोबतीच्या ओढीने पहिल्याच्या गटात ६:१० ने धावला, तर काय होतं बघा. पहिल्याचा तो आरामाचा दिवस असतो आणि दुसऱ्याची जवळजवळ शर्यत. तीन-चार किलोमीटर तो कसाबसा टिकतो, डायरीत "ईझी रन" असंच लिहितो, आणि दोन दिवसांनी मेहनतीच्या सरावाला पाय उचलत नाहीत. असे तीन-चार आठवडे गेले की दुखापत आलीच.

म्हणून एका तुकडीत किलोमीटरमागे ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. वीस जणांमागे तीन तुकड्या सहसा पुरतात. तुकड्यांना "फास्ट", "स्लो" अशी नावं देऊ नका. "सहा-पंधरा", "सात-तीस" अशी वेगाची नावं द्या. आकड्यात मान-अपमान नसतो आणि नव्या माणसाला कुठे उभं राहायचं ते विचारावं लागत नाही.

घड्याळ नसलेल्यांसाठी बोलण्याची कसोटी आहेच: दहा-बारा शब्दांचं वाक्य एका दमात, मध्ये श्वास न तुटता बोलता आलं पाहिजे. ही कसोटी पंधराव्या मिनिटाला घ्या. पहिल्या दहा मिनिटांत सगळेच छान बोलतात. तुकडीतले दोघं अखंड बोलताहेत आणि तिसरा फक्त "हं, हं" करतोय, तर वेग त्या तिसऱ्यासाठी जास्त आहे. त्याला "जमतंय ना?" असं विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच. न विचारता वेग कमी करा.

अर्धं पाऊल पुढे धावायची खोड

वेग नकळत वाढतो तो इथे. दोघं बरोबरीने धावत असतात, पण एकाचा खांदा दुसऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे असतो. मागचा बरोबरी साधायला जरा सरकतो. पुढच्याला शेजारी कुणी आल्याचं जाणवतं, तोही सरकतो. पुन्हा अर्धं पाऊल, पुन्हा बरोबरी. पंधरा मिनिटांत ७:१५ चा पेस ६:४० वर येतो आणि वेग वाढवला कुणी, हे दोघांनाही सांगता येत नाही. पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, मागच्याला वाटतं पुढचा ओढतोय.

उपाय सोपा आहे, पण पाळावा लागतो. तुकडीतल्या सगळ्यात सावकाश धावकाला पहिल्या ओळीत ठेवा आणि बाकीच्यांनी आपला खांदा त्याच्या खांद्यापुढे जाऊ द्यायचा नाही. ज्याचे पाय फारच शिवशिवत असतील, त्याने धाव संपल्यावर १००-१०० मीटरच्या चार मोकळ्या धावा घ्याव्यात. त्यात त्याची हौसही फिटते आणि पायांना चपळाईचा सरावही होतो. आणि हे ज्याला सांगायचं त्याला धावून झाल्यावर बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत सांगितलं की तो पुढच्या रविवारी मुद्दाम शंभर मीटर मागून चालत येतो.

आठवडा

एकत्र यायला आठवड्यातून तीन दिवस पुरतात: मंगळवारी मेहनतीचा सराव, गुरुवारी ईझी, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. ज्यांना चार-पाच दिवस धावायचंय त्यांनी बाकीचे दिवस एकट्याने, सावकाश धावावं. आठवड्याच्या एकूण वेळेतला चार पंचमांश भाग बोलत बोलत धावण्याचा असावा. उरलेल्या एक पंचमांशातच धाप लागू द्या. गटांमध्ये हे प्रमाण बिघडतं ते मंगळवारी नाही, गुरुवारी. मंगळवारी जे मागे राहिले त्यांना गुरुवारी हिशेब चुकता करायचा असतो. गुरुवारचं नेतृत्व म्हणूनच गटातल्या सगळ्यात शांत माणसाकडे द्या, मग त्याचा ५ किलोमीटरचा वेळ काहीही असो.

वेगवेगळ्या वेगाच्या माणसांचा एकच सराव

मेहनतीचा सराव अंतरावर बांधला की सावकाश धावणाऱ्याचे हाल होतात. सगळ्यांना ८०० मीटर दिले, तर ४:१० च्या पेसचा माणूस ३ मिनिटं २० सेकंदांत मोकळा होतो. ६:०० वाल्याला ४ मिनिटं ४८ सेकंद लागतात. तो पोचतो तेव्हा बाकीचे दीड मिनिट विसावलेले असतात. "चला, आला तो" म्हणत ते लगेच सुटतात. म्हणजे ज्याने जास्त वेळ मेहनत केली त्यालाच विश्रांती शून्य. तिसऱ्या फेरीला तो बाजूला होतो आणि पुढच्या मंगळवारी येत नाही.

त्याऐवजी वेळ द्या: ६ वेळा ३ मिनिटं जोरात, मध्ये २ मिनिटं सावकाश. आधी १० ते १५ मिनिटं हलकं धावणं, पाय झुलवणं, गुडघे उचलून चालणं आणि २०-२० सेकंदांच्या चार मोकळ्या धावा. जोर एवढा, की सलग दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण सहावी फेरी पहिलीइतक्याच वेगाने पुरी व्हावी. शेवटच्या दोन फेऱ्या ढेपाळल्या, तर पहिल्या दोन चुकल्या असं समजा.

आता ३ मिनिटांत ४:१० वाला ७२० मीटर जातो आणि ६:०० वाला ५००. दोघांत २२० मीटरचं अंतर पडतं. शिट्टी वाजली की पुढच्याने मागे वळून सावकाश धावत यायचं, मागच्याने सावकाश पुढे जायचं. दोघांच्या वाट्याला ११०-११० मीटर येतात, म्हणजे पाऊण मिनिट. सगळे एका ठिकाणी जमतात, उरलेलं सव्वा मिनिट एकत्र चालतात, आणि पुढची फेरी एकाच रेषेवरून सुरू होते. प्रत्येकाने आपापल्या वेगाने तेवढीच मेहनत केली, तेवढीच विश्रांती घेतली, आणि सहाही वेळा एकमेकांची तोंडं पाहिली. याला लागते फक्त एक शिट्टी आणि किलोमीटरभर विनाअडथळा रस्ता.

अंतराचाच सराव करायचा असेल, उदाहरणार्थ ट्रॅकवर ४०० मीटरच्या फेऱ्या, तर नियम असा ठेवा: विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस रेषा ओलांडेल तेव्हा सुरू होईल. आधी पोचलेल्यांनी तोवर चालत राहावं. ट्रॅकवर ४०० मीटर होतात ते फक्त पहिल्या लेनमध्ये. आठव्या लेनमधली एक फेरी ४५३ मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे बाहेरून धावणाऱ्याने आपल्या वेळेची तुलना आतल्याशी करू नये. विश्रांती घेणाऱ्यांनी पहिली लेन ताबडतोब सोडायची.

ट्रॅकवर जोडीची रिले हा फार आनंदाचा प्रकार आहे. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात सावकाश अशी जोडी लावा, मग दुसरा आणि शेवटून दुसरा, असं करत आत या. एक धावतो तेव्हा दुसरा थांबतो. इथेही विश्रांतीचा घोळ असतोच: दोघांनी ४००-४०० धावायचं म्हटलं, आणि एकाला दीड मिनिट लागतं, दुसऱ्याला २ मिनिटं २० सेकंद, तर वेगवान माणसाला विश्रांती जास्त मिळते. म्हणून वेगवानाने ६०० आणि सावकाश धावणाऱ्याने ४०० मीटर घ्यावेत. ६०० ला २:१५, ४०० ला २:२०, हिशेब जुळला. वेगवान माणूस ६०० मीटर धावून ट्रॅकच्या समोरच्या बाजूला येतो, म्हणून जोडीदाराने दर वेळी मैदान आडवं ओलांडून तिथे जाऊन उभं राहायचं. सव्वा दोन मिनिटांत हे चालत आरामात होतं. अशा चार पाळ्या झाल्या, की जोडीचे ४ किलोमीटर भरतात. ज्या दोघांनी कधी एकत्र धाव घेतली नसती ते एकमेकांच्या वेळा ओरडून सांगायला लागतात.

ईझी दिवशी सगळ्या तुकड्यांना एकत्र ठेवायचा मार्ग म्हणजे जा-ये. सगळे एकदम निघा, २० मिनिटं धावा, घड्याळ वाजेल तिथून प्रत्येकाने वळा. जाताना आणि येताना वेग सारखा ठेवला, तर वेगवान आणि सावकाश दोघंही ४० व्या मिनिटाला सुरुवातीच्या जागी हजर. वळल्यावर मागचे आपोआप पुढे असतात आणि पुढचे त्यांना हळूहळू गाठत येतात. जो ४२ व्या मिनिटाला आला, तो जाताना जास्त वेगाने गेला होता. त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. परतीचा रस्ता चढाचा किंवा वाऱ्याविरुद्धचा असेल तर वळायची वेळ एखादं मिनिट अलीकडे घ्या.

महिन्यातून एकदा उलट्या क्रमाची शर्यत ठेवा. ५ किलोमीटरला ४० मिनिटं लागणारा सगळ्यात आधी निघतो, ३३ वाला ७ मिनिटांनी, २५ वाला १५ मिनिटांनी. वेळा खऱ्या असतील तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळे एका झुंडीत येतात. पुढच्या महिन्याचं निघणं या महिन्याच्या वेळेवरून ठरवा.

लाँग रन आणि मागचा माणूस

लाँग रनला निघण्याआधी मोजणी करा, वळणाच्या जागी करा आणि परत आल्यावर करा. आकडा एकाने नाही, दोघांनी लक्षात ठेवायचा. प्रत्येक तुकडीला एक पुढचा, ज्याला रस्ता पाठ आहे, आणि एक मागचा, ज्याला गट "स्वीपर" म्हणतात. स्वीपरचं काम दमदार धावकाकडे द्या आणि ते दर आठवड्याला आळीपाळीने फिरवा. नेहमी तोच माणूस मागे राहिला, तर त्याचा स्वतःचा सराव बुडतो आणि तो गुपचूप कंटाळतो. स्वीपरने शेवटच्याच्या शेजारी किंवा किंचित मागे धावावं, पुढे कधीच नाही. कारण पुढे धावणाऱ्या सोबत्याची पाठ दिसते आणि आपण ओझं झालोय असं मागच्याला वाटतं.

या कामाची थोरवी सांगणारा एक प्रसंग धावण्याच्या इतिहासात आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल (८०० मीटर) आणि मरे हॅलबर्ग (५००० मीटर) यांनी सुवर्णपदकं जिंकली. त्यांचे प्रशिक्षक न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड. त्यांच्याच प्रेरणेने ऑकलंडमध्ये सामान्य, वयस्क माणसांचा जॉगिंगचा गट उभा राहिला होता. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बाउअरमन तिथे पाहुणे आले आणि या गटाबरोबर धावायला गेले. पन्नाशी उलटलेले बाउअरमन थोड्याच वेळात मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक सभासद वेग कमी करून त्यांच्यासोबत गप्पा मारत राहिले. बाउअरमन परतले ते हे जॉगिंग आपल्या गावी, युजीनमध्ये सुरू करायचं मनात घेऊनच. तिथून ते अमेरिकाभर पसरलं.

अंतर वाढवताना लाँग रनमध्ये एका वेळी १ ते २ किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला पाव भाग कमी करा. लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत राहिलेला बरा. गटात एक माणूस हमखास असा असतो, जो फक्त रविवारी येतो आणि सगळ्यांबरोबर थेट १८ किलोमीटर धावतो. सोबत असल्यामुळे त्याला ते जमतंही. फुप्फुसं साथ देतात, पण हाडं आणि स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्याला अडवू नका, १० किलोमीटरवर वळणारा एक सोबती द्या. दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा मार्ग असेल तर हे आणखी सोपं होतं: ज्याचं अंतर संपलं तो फेरी पुरी करून थांबतो आणि कुणीही गाडीपासून, पाण्यापासून फार लांब नसतो.

पाणी तहानेप्रमाणे प्या. नव्या धावकांना "पीत राहा, पीत राहा" असं सांगायची पद्धत घातक आहे. तासनतास गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं ही त्याची लक्षणं. धावण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. धावून वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. दीड तासाच्या पुढच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती कोणत्या रूपात पोटाला सोसतात हे सरावातच तपासायचं, शर्यतीच्या दिवशी नाही.

नव्या माणसाचा पहिला दिवस

नवा माणूस येतो तेव्हा त्याच्या मनात एकच भीती असते: मी सगळ्यात मागे पडेन. ती खरी असते. म्हणून तो येण्याआधीच त्याला नेमकी माहिती पाठवा: किती वाजता, नेमकी कोणती जागा, किती मिनिटं, कोणत्या वेगाने, आणि तुमच्यासोबत शेवटपर्यंत कोण असेल. त्या सोबत्याने पाच मिनिटं आधी पोचून त्याची वाट बघावी, नाव विचारून चार जणांशी ओळख करून द्यावी. छातीत दुखणं, चक्कर, आधीचा हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

अजिबात न धावलेल्यासाठी १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. आठवड्यातून तीनदा. दोन आठवड्यांनी धावण्याचा तुकडा २ मिनिटांचा, मग ३, मग ५ चा करा. दोन-अडीच महिन्यांत सलग ३० मिनिटं बहुतेकांना जमतं. इथे चूक ठरलेली आहे: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याला "मला चालायची गरजच नाही" असं वाटतं आणि सोबतचे कौतुकाने ते मान्य करतात. चालण्याची मिनिटं पोटऱ्यांसाठी आणि नडग्यांसाठी आहेत, दमासाठी नाहीत. घड्याळ वाजलं की सोबत्याने आधी स्वतः चालायला लागावं. मग नवा माणूसही संकोच न करता चालतो.

पहिल्या दिवशी त्याच्या हातांच्या हालचालीवर, बुटांवर, वजनावर कुणीही काहीही बोलू नये. चार जणांनी चार सल्ले दिले की तो घरी जाऊन विचार करत बसतो. सल्ला द्यायचाच तर तिसऱ्या आठवड्यात, एकाने, एकच: पावलं छोटी घ्या, म्हणजे पाय शरीराच्या फार पुढे आपटणार नाही. वजनाबद्दल तर कधीच नाही.

रस्ता

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, दोनपेक्षा जास्त जण आडवे नकोत, आणि आंधळ्या वळणावर एकेरी रांग. पहिल्याने दिलेली हाक शेवटच्यापर्यंत एकेकाने पुढे पोचवायची: "गाडी पुढून", "गाडी मागून", "सायकल", "खड्डा डावीकडे". मधल्या एकाच्या कानात इअरफोन असला की साखळी तिथे तुटते, म्हणून गटाच्या धावेत इअरफोन नको. अंधारात पुढच्याकडे डोक्याचा दिवा, मागच्याकडे लाल दिवा, आणि मधल्या सगळ्यांच्या अंगावर चमकणारी पट्टी. ती घोट्याजवळ बांधली तर हलत्या पायामुळे चालकाला लांबून कळते.

प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी: नाव, रक्तगट, ॲलर्जी, घरचा नंबर. गटातल्या निदान दोन-तीन जणांनी छातीदाबाचं (सीपीआरचं) प्रशिक्षण घेतलेलं असावं. धावता धावता कुणी कोसळला, प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने आपत्कालीन नंबर लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागायचं, तिसऱ्याने जवळपास शॉक देणारं यंत्र आहे का ते शोधायला पळायचं.

उष्माघाताचं लक्षण वागण्यात आधी दिसतं. माणूस लटपटतो, उत्तरं भलतीच देतो, चिडतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. तेव्हा मदत बोलवा, आणि ती येईपर्यंत न थांबता अंग थंड करा: थंड पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यात उत्तम, ते नसेल तर कपडे भिजवा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा, वारा घाला. आधी थंड करणं, मग हलवणं. उन्हाळा लागला की शरीराला सरावायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस सगळ्या तुकड्यांचा वेग आणि वेळ दोन्ही कमी ठेवा.

जो येत नाही त्याचं काय

दुखणाऱ्या माणसाला गटात धावताना थांबणं अवघड जातं, म्हणून थांबायचे नियम गटानेच ठरवून ठेवावेत. दुखणं पहिल्या दहा मिनिटांत कमी होत गेलं तर सावकाश चालू ठेवा. वाढत गेलं किंवा चाल बदलायला लागली तर वळा. हाडावरची एका बोटाने दाखवता येणारी वेदना, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं बंद, डॉक्टर. ताप असताना धावणं पूर्ण बंद, कारण विषाणूची बाधा हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेली असू शकते. बुटांचा तळ ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबतो. खरेदीची तारीख आतल्या जिभेवर लिहून ठेवली की अंदाज राहतो.

दुखापत झालेला माणूस धावू शकत नाही, पण शिट्टी वाजवू शकतो, वेळा लिहू शकतो, पाणी सांभाळू शकतो. त्याला ते काम द्या. सहा आठवडे घरी बसलेला माणूस परत येईलच असं नाही. सहा आठवडे ट्रॅकच्या कडेला उभा राहिलेला बहुतेक येतो. परत आल्यावर त्याची तुकडी एक पायरी खालची, आणि अंतर आधीच्या निम्मं.

दोन आठवडे न दिसलेल्याला फोन करा, मेसेज नको. "येत का नाही?" असं विचारायचं नाही. "रविवारी सात-तीसच्या तुकडीत आठ किलोमीटर आहे, मी मागे असेन, येतोस का?" असं विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त वेळ, जागा, मार्ग आणि येणाऱ्यांची नावं ठेवा. रोजच्या धावेचे स्क्रीनशॉट टाकणारा ग्रुप सावकाश धावणाऱ्यांना मुका करतो. वेळ पाळणं हाही सोबतीचाच भाग आहे: पाच मिनिटं थांबायचं, मग निघायचं, आणि उशिरा येणाऱ्याला मार्ग माहीत असल्यामुळे तो उलट दिशेने येऊन गाठू शकतो. धावून झाल्यावरची पंधरा मिनिटं मात्र घाईची ठेवू नका. पोटऱ्या, मांड्या ताणता ताणता ज्या गप्पा होतात, त्यांतच कुणाचं काय दुखतंय, कुणाची झोप होत नाहीये, हे कळतं.

शर्यतीचा दिवस

गटातल्या कुणासाठी पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवायला शेजारी धावणारा सोबती, व्हायचं असेल तर हिशेब कागदावर करून जा. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर. दोन तासांत पुरी करायची तर सरासरी ५:४१ लागते. पण हातातल्या जीपीएस घड्याळाने मोजलेलं अंतर अधिकृत अंतरापेक्षा बहुतेक वेळा जास्त भरतं, कारण वळणं बाहेरून घेतली जातात आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. घड्याळात २१.३ किलोमीटर भरले तर ५:४१ ने धावून दोन तास चुकतात. घड्याळावर ५:३८ ठेवा. वेळ रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकांवरून तपासा, घड्याळाच्या कंपनांवरून नको. पहिले ३ किलोमीटर ५:४५ ने गेले तरी चालतात. पहिल्याच किलोमीटरला ५:१५ झाले, तर ते अठराव्या किलोमीटरला वसूल होतात. पेसरने सोबत्याच्या शेजारी, वारा येतो त्या बाजूला किंचित पुढे राहावं, पाण्याच्या टेबलावरून दोघांसाठी पेला घ्यावा, आणि पंधराव्या किलोमीटरनंतर प्रश्न विचारू नयेत. त्याला उत्तर द्यायला श्वास नसतो. आपणच बोलायचं: पुढचं वळण, पुढचं पाणी, उरलेली मिनिटं.

ज्यांची धाव आधी संपते त्यांनी दहा मिनिटं चालून घ्यावं, कोरडे कपडे घालावेत आणि शेवटच्या पाचशे मीटरवर येऊन उभं राहावं, अंतिम रेषेवर नाही. रेषा दिसायला लागली की माणूस आपला आपण धावतो, हाक लागते ती त्याच्या आधी. हाक नावानेच मारा आणि खरं तेवढंच बोला. "बस, आलंच" असं दोन किलोमीटर आधी ऐकलेल्याचा पुढच्या कुठल्याच हाकेवर विश्वास बसत नाही. एकजण अंतिम रेषेपलीकडे थांबून नावांची यादी तपासत राहतो. यादीतलं शेवटचं नाव यायला अजून तास असला, तरी दोघांनी तिथेच थांबायचं, आणि त्याच्या पिशवीत कोरडा शर्ट कोणत्या कप्प्यात आहे, हे त्याला सकाळीच विचारून ठेवायचं.